राष्ट्राशी भांडलेलं रंगमंदिर
(लेखमाला : देशोदेशीची रंगमंदिरं, भाग ६)

मागच्या भागात प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिराची हकीकत आली. चेक लोकांनी वर्गणी काढून ते उभारलं, १८८१ मध्ये ते जळालं आणि त्याच लोकांनी पुन्हा वर्गणी काढून दोन वर्षांत ते परत उभं केलं. या भागातलं रंगमंदिर आहे डब्लिनचं. त्याच्या नशिबी असली लोकवर्गणी नव्हती, मोक्याची जागा नव्हती आणि सोनेरी नक्षीचं छत तर नव्हतंच. एका इंग्लिश बाईच्या पैशातून, एक जुनं नाटकगृह आणि त्याला लागून असलेलं जुनं शवागार एकत्र करून ते तयार झालं. तरीही एखाद्या देशाच्या घडणीत नाट्यगृहाने इतका थेट भाग घेतल्याचं दुसरं उदाहरण विसाव्या शतकात सहज सापडणार नाही. हे आहे ॲबी थिएटर.

त्याची कल्पना मात्र डब्लिनमध्ये सुचलेली नाही. १८९७ च्या उन्हाळ्यात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे परगण्यातल्या एका घरी तिघांची बैठक जमली. कवी डब्ल्यू. बी. येट्स, जमीनदार घराण्यातल्या विधवा लेडी ऑगस्टा ग्रेगरी आणि नाटककार एडवर्ड मार्टिन. त्या काळी डब्लिनच्या मोठ्या नाट्यगृहांत लंडनहून आलेल्या कंपन्यांचे खेळ चालत. त्या खेळांत आयरिश माणूस दिसला तरी दारू पिऊन बरळणारा विदूषक म्हणूनच. आपल्या लोकांची, आपल्या भूमीतली नाटकं लिहायची आणि ती इथेच करायची, असं या तिघांनी ठरवलं. १८९९ च्या मे महिन्यात पहिला प्रयोग झाला तो येट्स यांच्या ‘द काउंटेस कॅथलीन’चा. दुष्काळात प्रजेचा जीव वाचावा म्हणून आपला आत्मा सैतानाला विकणाऱ्या उमरावबाईची ही गोष्ट. धर्माचा अपमान झाला म्हणून पहिल्याच खेळाला ओरडा झाला. या संस्थेचं पुढचं सगळं आयुष्य कसं जाणार, हे त्या संध्याकाळीच दिसलं होतं.

तरी मोठी अडचण वेगळीच होती. नट इंग्लंडहून आणावे लागत. ती सोडवली विली आणि फ्रँक या फे बंधूंनी. विली वीजतंत्री, फ्रँक कारकून. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमी करणाऱ्या हौशी मंडळींचा त्यांनी संच बांधला होता. कमी हालचाल, साधं नेपथ्य आणि स्वच्छ वाणी ही त्यांची शिस्त. १९०२ च्या एप्रिलमध्ये या मंडळींनी डब्लिनच्या एका छोट्या सभागृहात ‘कॅथलीन नी हूलिहन’ केलं. १७९८ च्या बंडाचा काळ. एका शेतकऱ्याच्या घरी लग्नाची तयारी चालली आहे. एक म्हातारी येते आणि परक्यांनी माझी चार हिरवी शेतं बळकावली म्हणून गाऱ्हाणं घालते. नवरा मुलगा लग्न सोडून तिच्यामागे लढायला निघतो. ती म्हातारी म्हणजे आयर्लंड. भूमिकेत होत्या मॉड गॉन, स्वतः राष्ट्रवादी चळवळीतल्या आघाडीच्या कार्यकर्त्या. नाटक येट्स यांच्या नावावर प्रसिद्ध झालं. त्यातला बराचसा भाग लेडी ग्रेगरींनी लिहिला होता, हे हस्तलिखितांवरून पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. ही नोंद वाचकांनी ध्यानात ठेवावी, लेखाच्या शेवटी तिचं काम आहे.

१९०३ मध्ये ही मंडळी लंडनला गेली. एका शनिवारी दोन खेळ करायचे आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं, असा तो दौरा. लंडनच्या समीक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्या सुमारास ॲनी हॉर्निमन यांनी या मंडळींना कायमचं घर देण्याचं मनावर घेतलं. हॉर्निमन हे नाव तेव्हा इंग्लंडमध्ये घरोघरी माहीत होतं, कारण पुड्यांतला चहा विकून या घराण्याने संपत्ती जमवली होती. ॲनीबाई येट्स यांच्या मैत्रीण आणि त्यांच्या प्रतिभेवर लुब्ध. आयर्लंडच्या राजकारणाशी त्यांना कर्तव्य नव्हतं, उलट त्याचा तिटकाराच होता. नाट्यगृह देते, वार्षिक मदतही देते, पण त्यात राजकारण आणायचं नाही, ही त्यांची अट. आयर्लंडसारख्या देशात ही अट किती दिवस टिकणार होती?

१९०४ मध्ये त्यांनी लोअर ॲबी स्ट्रीटवरचं मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचं जुनं नाटकगृह घेतलं. मागच्या बाजूला मार्लबरो स्ट्रीटवर तोंड असलेली इमारत एके काळी शहराचं शवागार होती, तीही घेतली. दोन्ही जोडून देण्याचं काम जोसेफ हॉलोवे या वास्तुविशारदाकडे आलं. हॉलोवे हा नाटकवेडा माणूस. डब्लिनमधला सहसा कुठलाही पहिला प्रयोग तो चुकवत नसे, आणि घरी येऊन पाहिलेलं सगळं लिहून ठेवत असे. त्याच्या रोजनिशीचे दोनशेहून अधिक खंड आज आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि या रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा आधार घ्यावाच लागतो. आपण बांधलेल्या नाट्यगृहात आयुष्यभर प्रेक्षक म्हणून बसणारा वास्तुविशारद मिळणं, हे ॲबीचं मोठंच भाग्य.

परवान्यासाठी सुनावणी झाली. शहरातल्या धंदेवाईक नाट्यगृहांनी विरोध केला. शेवटी अटी घालून सहा वर्षांचा परवाना मिळाला : आयरिश लेखकांची नाटकं करावीत, परदेशी केलीच तर उच्च दर्जाची, आणि गृहाचा विस्तार करू नये. हॉर्निमनबाई आयर्लंडच्या रहिवासी नसल्यामुळे परवाना निघाला लेडी ग्रेगरींच्या नावावर.

आत ५६२ प्रेक्षक बसतील एवढी जागा होती. रंगमंच उथळ, विंगांत नटांना उभं राहायला जेमतेम ठाव. प्रवेशदालनातल्या रंगीत काचा मात्र डब्लिनमध्येच घडवलेल्या होत्या, चित्रकार सेरा पर्सर यांच्या कार्यशाळेत. भिंतींवर येट्स यांचे वडील जॉन बटलर येट्स यांनी रंगवलेली नटनटींची आणि हॉर्निमनबाईंची व्यक्तिचित्रं. २७ डिसेंबर १९०४ रोजी पडदा उघडला. येट्स यांची दोन नाटकं झाली, ‘ऑन बेलीज स्ट्रँड’ आणि ‘कॅथलीन नी हूलिहन’. तिसरी होती लेडी ग्रेगरींची ‘स्प्रेडिंग द न्यूज’ ही विनोदी एकांकिका. सगळ्यांत स्वस्त तिकीट एक शिलिंगाचं होतं. इतर नाट्यगृहांत सहा पेन्समध्ये बसायला मिळे, पण स्वस्त जागा ठेवायला हॉर्निमनबाई तयार नव्हत्या. राष्ट्रीय म्हणवणारं रंगमंदिर आणि त्यात मजुराला परवडणारी जागा नाही, ही टीका लगेच सुरू झाली. ती योग्यच होती.

आता १९०७ चा जानेवारी. नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग. हा डब्लिनच्या सुखवस्तू प्रोटेस्टंट घरातला, पण पश्चिमेकडच्या अरन बेटांवर कोळी-शेतकऱ्यांच्या झोपड्यांत राहून त्यांची बोली कानात साठवलेला माणूस. त्याचं ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ २६ तारखेला, शनिवारी रंगमंचावर आलं. मेयो परगण्यातल्या गावगुत्त्यात एक घाबरट पोरगा येतो आणि सांगतो, मी बापाला फावड्याने मारून आलोय. गाव त्याला पोलिसांत देण्याऐवजी डोक्यावर घेतं. पोरी त्याच्यासाठी भेटी आणतात. मग डोक्याला पट्टी बांधलेला बाप जिवंतच दारात येऊन उभा राहतो!

पहिले दोन अंक प्रेक्षकांनी ऐकून घेतले. तिसऱ्या अंकात नायकाच्या तोंडी बायकांच्या आतल्या वस्त्राचा उल्लेख आला आणि गृह उसळलं. आयरिश खेडूत बापाचा खून करणाऱ्याला पूजतो? आयरिश मुलगी अशी? इंग्रजांनी वर्षानुवर्षं रंगवलेलं आपलं विद्रूप चित्र आता आपलेच लोक रंगवायला लागले, अशी त्या रागाची भूमिका होती. सोमवारपासून शिट्ट्या, पाय आपटणं, भोंगे. नट ओठ हलवत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. येट्स आणि ग्रेगरींनी पोलीस बोलावले. आयरिश रंगमंदिरात आयरिश प्रेक्षकांना आवरायला ब्रिटिश सत्तेचे पोलीस! या निर्णयाने त्यांना अनेक मित्र गमवावे लागले. पकडलेल्यांत नाटककार पॅड्रिक कॉलम यांचे वडीलही होते. आठवडाभर गोंधळ चालला, पण एकही खेळ बंद झाला नाही. पुढच्या सोमवारी त्याच रंगमंचावर जाहीर चर्चा ठेवली गेली आणि तीही गोंधळातच पार पडली.

रागावलेल्या प्रेक्षकांची बाजू समजून घ्यायला हवी. पारतंत्र्यातला समाज आपल्या प्रतिमेबद्दल हळवा असतो आणि त्याला तशी कारणं असतात. पण नाटक मागे घेतलं असतं, तर ॲबी त्याच आठवड्यात संपलं असतं. सिंग यांना पुढे फार आयुष्य लाभलं नाही. १९०९ च्या मार्चमध्ये, चाळिशीही न गाठता ते गेले. त्याच वर्षी बर्नार्ड शॉ यांच्या ‘ब्लँको पॉस्नेट’वर लंडनमध्ये बंदी आली. लंडनच्या नाट्यनियंत्रकाची सत्ता डब्लिनमध्ये चालत नव्हती, म्हणून ॲबीने ऑगस्टमध्ये ते नाटक घेतलं. परवाना काढून घेऊ, अशी धमकी सरकारने दिली. पडदा ठरल्या वेळी उघडला. धर्मवाले, राष्ट्रवादी, सरकार अशा तिन्ही बाजूंनी दबाव आला आणि तिन्ही वेळा ॲबीने माघार घेतली नाही, असा हा दहा वर्षांचा ताळेबंद.

मे १९१० मध्ये सातवे एडवर्ड राजे वारले. शहरातली नाट्यगृहं बंद राहिली. ॲबीचे तरुण व्यवस्थापक लेनक्स रॉबिन्सन यांनी काय करावं म्हणून लेडी ग्रेगरींना तार केली. उत्तर यायला उशीर झाला आणि दुपारचा खेळ झाला. हॉर्निमनबाईंच्या दृष्टीने हे उघड राजकारण होतं. त्या दुरावल्या, मदत थांबली, आणि पुढे संचालकांनी त्यांच्याकडून वास्तू विकत घेतली.

यानंतरची एक संध्याकाळ भारतीय वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १७ मे १९१३. ॲबीमध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या ‘डाकघर’चा इंग्रजी प्रयोग झाला. भाषांतर देवव्रत मुखर्जी यांचं. रवींद्रनाथांना नोबेल जाहीर व्हायला अजून सहा महिने होते. त्याच संध्याकाळी दुसरं छोटं नाटक झालं आयरिश भाषेतलं, ‘अन री’, म्हणजे ‘राजा’. ते लिहिलं होतं पॅट्रिक पिअर्स या शिक्षकाने आणि त्यात कामं केली त्याच्या सेंट एन्डाज शाळेतल्या मुलांनी. खेळाचं उत्पन्न अडचणीत असलेल्या त्या शाळेसाठी होतं. ‘डाकघर’मधला आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो. तीन वर्षांनी, १९१६ च्या ईस्टरमध्ये, पिअर्स यांनी डब्लिनच्या मुख्य पोस्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची घोषणा केली. ३ मे १९१६ रोजी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

त्या उठावात ॲबीची माणसं किती होती, हे पाहिलं की हॉर्निमनबाईंची भीती खोटी नव्हती, हे पटतं. २४ एप्रिलला, ईस्टर सोमवारी, ‘कॅथलीन नी हूलिहन’चा खेळ लागला होता, तो झालाच नाही. नट शॉन कॉनली नागरी सैन्याची तुकडी घेऊन सिटी हॉलवर गेले आणि तिथेच गोळी लागून पडले. बंडखोरांच्या बाजूने मृत्यू आलेल्या पहिल्या माणसांत ते होते. नट आर्थर शील्ड्स यांनी आपली बंदूक रंगमंचाखाली लपवून ठेवली होती, ती घेऊन ते लढायला गेले. हेच शील्ड्स पुढे हॉलिवूडच्या चित्रपटांत दिसू लागले. नटी हेलेना मोलोनी, नटी मॉयरा निक शिव्ली, प्रॉम्प्टर बार्नी मर्फी, प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या एलन बुशेल, आणि पडद्यामागे काम करणारे पीडर कर्नी, ज्यांचं गीत पुढे आयर्लंडचं राष्ट्रगीत झालं, हे सगळे उठावात होते. लेखकाने लिहिलेलं लग्न मोडून लढायला जाणं, ते खेळणाऱ्या आणि पाहणाऱ्या पिढीने खरंच करून दाखवलं. आपल्या नाटकामुळे काही जण मरणाला सामोरे गेले का, हा प्रश्न येट्स यांना म्हातारपणापर्यंत छळत राहिला.

आसपासचा मोठा भाग तोफांनी आणि आगीने बेचिराख झाला. ॲबी वाचलं.

स्वातंत्र्ययुद्ध, संचारबंदी, यादवी युद्ध. १९२३ पर्यंत तिजोरी रिकामी झाली होती. ती भरली एका मजुराने. शॉन ओ’केसी हे डब्लिनच्या गरीब वस्तीत वाढलेले, रेल्वेत आणि इतरत्र अंगमेहनत केलेले गृहस्थ. १९२३ मध्ये ‘द शॅडो ऑफ अ गनमन’ आणि १९२४ मध्ये ‘जुनो अँड द पेकॉक’ यांनी गृह तुडुंब भरलं. एक शिलिंगाच्या तिकिटाने ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, त्यांचीच चाळीतली भाषा, भांडणं आणि दारिद्र्य आता मंचावर होतं. १९२५ मध्ये नव्या आयरिश सरकारचे अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी ॲबीला ८५० पौंडांचं अनुदान मंजूर केलं. इंग्रजी बोलणाऱ्या जगात सरकारी अनुदान मिळालेलं हे पहिलं नाट्यगृह ठरलं.

अनुदानाबरोबर संचालक मंडळावर सरकारचा एक माणूस आला आणि वर्षाच्या आतच कसोटीची वेळ आली. ओ’केसींच्या ‘द प्लाउ अँड द स्टार्स’मध्ये १९१६ चा उठाव गरिबांच्या चाळीतून दाखवला आहे. बाहेर वक्ता रक्ताची महती सांगतो आहे, त्यातली वाक्यं पिअर्स यांची, आणि आत गुत्त्यात एक वेश्या गिऱ्हाईक शोधते आहे. तिथेच स्वयंसेवक तिरंगा घेऊन दारू प्यायला येतात. सरकारी सदस्याने काटछाट मागितली. लेडी ग्रेगरी आणि येट्स यांनी स्पष्ट सांगितलं की अनुदान आणि स्वातंत्र्य यांत निवड करायची वेळ आली, तर आम्ही अनुदान सोडू. ८ फेब्रुवारी १९२६ ला पहिला प्रयोग झाला. ११ तारखेला दंगल झाली. आंदोलक मंचावर चढले, नट आणि प्रेक्षकांत हातघाई झाली. विरोध करणाऱ्यांत हॅना शीही-स्केफिंग्टन होत्या. त्यांच्या पतीला १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्याने विनाचौकशी गोळ्या घातल्या होत्या. त्यांचं दुःख दिखाऊ नव्हतं. येट्स मंचावर आले आणि त्यांनी प्रेक्षकांना सुनावलं की तुम्ही स्वतःला पुन्हा एकदा कलंक लावला आहे. कोलाहलात ते कुणालाच ऐकू गेलं नाही, पण भाषणाची प्रत त्यांनी आधीच वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचवली होती.

दोन वर्षांनी मात्र ॲबीनेच चूक केली. ओ’केसींचं युद्धविरोधी नाटक ‘द सिल्व्हर टॅसी’ येट्स यांनी नाकारलं आणि आपला सगळ्यांत मोठा हयात नाटककार या संस्थेने गमावला. तेव्हा इंग्लंडमध्ये असलेले ओ’केसी तिथेच राहिले. १९३२ मध्ये लेडी ग्रेगरी गेल्या, १९३९ मध्ये येट्स. त्यानंतरची काही दशकं सावध, गावरान विनोदावर भिस्त ठेवणारी. त्यांत फार रेंगाळण्यासारखं नाही.

१७ जुलै १९५१ ला ‘द प्लाउ अँड द स्टार्स’चाच खेळ होता. त्याच्या शेवटच्या प्रवेशात खिडकीबाहेर डब्लिन जळत असतं. खेळ संपला, लोक घरी गेले, आणि मध्यरात्रीनंतर नाट्यगृहाला खरोखरची आग लागली. रंगमंच आणि मागची बाजू खाक झाली. भिंतींवरची व्यक्तिचित्रं लोकांनी धावपळ करून बाहेर काढली. दुसऱ्याच संध्याकाळी मंडळींनी लागूनच असलेल्या पिकॉक या छोट्या सभागृहात, उसने कपडे घालून, तेच नाटक केलं. खेळ बंद न ठेवण्याची ही जिद्द कुठल्याही नटमंडळीला अभिमान वाटावा अशी आहे.

पण त्यानंतरचा मुक्काम लांबला. भाड्याच्या क्वीन्स थिएटरमध्ये ॲबीने जवळपास पंधरा वर्षं काढली. मोठं गृह रोज भरायचं म्हणजे लोकांना हमखास आवडेल तेच करायचं, आणि तसंच झालं. नव्या वास्तूची कोनशिला १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा यांनी बसवली. मायकेल स्कॉट यांचा हा आराखडा. आगीला बरोबर पंधरा वर्षं झाली त्या दिवशी, १८ जुलै १९६६ ला, ६२८ आसनांचं नवं ॲबी उघडलं. खालच्या बाजूचं नवं पिकॉक पुढच्या वर्षी सुरू झालं. खिडक्या नसलेली करड्या विटांची ती पेटी पाहून डब्लिनकर हिरमुसले. पंख्यासारखं पसरलेलं प्रेक्षागृह आणि मागच्या रांगांपासून दूर पडलेला मंच हीही तक्रार होती. ती खरी होती, कारण ॲबीची सगळी परंपराच मुळी बोललेल्या शब्दावर उभी. नंतर दर्शनी भागात फेरफार झाले आणि प्रेक्षागृहाचीही फेरमांडणी झाली. जुन्या वास्तूच्या दर्शनी भागाचे दगड शहराचे वास्तुविशारद डाही हॅनली यांनी क्रमांक घालून आपल्या घरी जपून ठेवले, ही त्या जुन्या घराची शेवटची आठवण. सरकारने केलं नाही ते एका जाणत्या माणसाने स्वतःच्या आवारात केलं.

नव्या वास्तूत चांगली नाटकं झालीच नाहीत असं नाही. ब्रायन फ्रील यांचं ‘डान्सिंग ॲट लुनासा’ १९९० मध्ये इथेच प्रथम झालं आणि तिथून लंडन, न्यूयॉर्कला गेलं. मरीना कार यांचं ‘बाय द बॉग ऑफ कॅट्स’ १९९८ मध्ये आलं.

आता सुरुवातीच्या त्या नोंदीकडे वळू. ऑक्टोबर २०१५ मध्ये ॲबीने उठावाच्या शताब्दीचा कार्यक्रम जाहीर केला, शीर्षक ‘वेकिंग द नेशन’. त्यातल्या दहा नाटकांपैकी स्त्रीने लिहिलेलं होतं एक. ज्या संस्थेचा पैसा स्त्रीने दिला, परवाना स्त्रीच्या नावावर निघाला, काचा स्त्रीच्या कार्यशाळेत घडल्या, आणि जिचं सगळ्यांत प्रभावी राष्ट्रीय नाटक स्त्रीने बरंचसं लिहून पुरुषाच्या नावावर गेलं, तिथे ही अवस्था. नेपथ्यकार लियान बेल यांनी आवाज उठवला आणि ‘वेकिंग द फेमिनिस्ट्स’ ही चळवळ उभी राहिली. १२ नोव्हेंबरला या बायकांची सभा ॲबीच्याच रंगमंचावर, भरलेल्या गृहात झाली. व्यवस्थापनाने चूक मान्य केली, स्त्री-पुरुष समानतेची उद्दिष्टं जाहीर केली, आणि देशातल्या इतर नाट्यसंस्थांनाही तसं करावं लागलं. १९०७ आणि १९२६ मध्ये विरोधकांना पोलिसांनी बाहेर काढलं होतं. या वेळी दार उघडून विरोधकांनाच मंच दिला गेला, आणि ॲबीच्या इतिहासातला हा सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय म्हणायला हवा.

वाचकांना एक विनंती. ‘डाकघर’ मराठीत, हिंदीत, जसं मिळेल तसं वाचा आणि त्याला जोडून सिंग यांचं ‘राइडर्स टू द सी’ वाचा. तासाभरात दोन्ही वाचून होतील, आणि डब्लिनच्या त्या मंडळींना टागोरांचं नाटक आपलं का वाटलं, ते कळेल.

(पुढच्या भागात : स्टॉकहोमचं शाही नाट्यगृह ‘द्रामातेन’)